रौडी शीटवरून नाव उतरवायचे, तर

ठाण्यातून फोन येतो, 'उद्या सकाळी दहाला परेड आहे, या.' परेड म्हणजे गुंड म्हणून नोंद असलेल्यांची ठाण्यातली हजेरी. गणपती तोंडावर आलेले असतात, निवडणूक लागलेली असते, नाहीतर १ नोव्हेंबर, सीमाभागातला काळा दिन, जवळ आलेला असतो. ज्याला फोन येतो त्याला पुष्कळदा त्याच दिवशी कळते की आपल्या नावाची रौडी शीट, म्हणजे गुंड म्हणून पोलिसांनी ठेवलेली नोंद, आहे. ती कधी उघडली, कुणाच्या सहीने, कुठल्या गुन्ह्यावरून, यातले काहीच त्याला माहीत नसते. विचारले तर 'वरून आलंय' एवढेच ऐकायला मिळते. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात अशांचे अर्ज लिहून देणे, नकला काढणे, वकिलांकडे फाइल पोचवणे ही कामे आम्ही काही जण करतो. त्या कामात कळलेली वाट इथे मांडतो. नावे कुणाचीच नाहीत. पाय कुठे घसरतो ते मात्र सगळे आहे.

हप्ते गोळा करणाऱ्या, सुरे काढणाऱ्या टोळ्यांवर पोलिसांनी नजर ठेवू नये असे आमचे म्हणणे नाही. असे म्हणणारा माणूस बाजारात दुकान चालवत नसावा. आमचा प्रश्न एवढाच की ज्या नोंदीवरून माणसाच्या दारात पोलीस येतो त्या नोंदीला कारण आहे का, आणि तिला शेवट आहे का. फोन टॅपिंगची भीती सगळ्यांना वाटते, पण तिथे निदान कागदावर तरी शिस्त आहे. गृहसचिवांचा आदेश लागतो, तो ६० दिवस चालतो, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस, आणि आढावा समितीने तो तपासायचा असतो. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आलेली ही चौकट २०२४ च्या नव्या दूरसंचार नियमांतही राहिली आहे. ज्याचा फोन ऐकला त्याला मात्र कधीच कळवत नाहीत, म्हणून 'माझा फोन टॅप होतो का' असा माहिती अधिकाराचा अर्ज करण्यात पोस्टल ऑर्डर वाया घालवू नये. रौडी शीटचे उलटे आहे. ती दिसते, जाणवते, पण बीट पोलिसाच्या वहीत एकदा नाव चढले की ते उतरवण्याची घाई कुणालाच नसते. पहिला साहेब बदलून जातो, दुसरा येतो, वही तीच.

कर्नाटक पोलीस मॅन्युअलमधल्या १०५९ क्रमांकाच्या आदेशावर हे सगळे चालते. शीट ठाण्याचा इन्स्पेक्टर आपल्या मनाने उघडू शकत नाही, तिला एसपींचा (जिल्हा पोलीस अधीक्षकांचा) किंवा उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याचा आदेश लागतो. वारंवार शांतताभंगाचे गुन्हे करणारा, त्यासाठी चिथावणारा, किंवा ज्याच्याकडून शांततेचे बंदपत्र घेतले आहे असा, अशी साधारण वर्णने त्यात आहेत. 'वारंवार' या शब्दावरच पुढची बहुतेक लढाई होते. सभा, मोर्चा, रस्ता रोको यांच्या एकाच गुन्ह्यावरून शीट उघडलेली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

सुरुवात ठाण्यातून करू नका. आधी आपले सगळे गुन्हे आपणच मोजा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घ्या. बेळगाव, खानापूर, चिकोडी, जिथे जिथे कधी अटक किंवा नोटीस झाली ते प्रत्येक न्यायालय वेगळे पाहा. इथे पहिली अडचण नावाची. मराठी नाव कानडीत लिहिले, कानडीवरून इंग्रजीत आले, की एकाच माणसाची तीन स्पेलिंगे होतात. 'पाटील'चे दोन प्रकार, मधल्या नावाचे दोन, आणि आडनावाऐवजी गावाचे नाव लावले असेल तर आणखी एक. सगळी घालून बघायची. उलटाही प्रकार होतो: गावात त्याच नावाचा दुसरा कुणी असतो आणि त्याचा गुन्हा तुमच्या शीटवर चढतो. वडिलांचे नाव आणि एफआयआरमधले वय जुळवून पाहिल्याशिवाय कुठलाही गुन्हा आपला म्हणून मान्य करू नका. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे, तेव्हा त्यानंतरच्या बहुतेक एफआयआर कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतात. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात.

मग एका कागदावर तक्ता करा: ठाणे, गुन्हा नंबर आणि साल, कलमे, न्यायालयातला केस नंबर, निकाल, निकालाची तारीख. निर्दोष सुटलेल्या प्रत्येक खटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत काढा. साधी झेरॉक्स चालत नाही. 'कॉपी आहे, पण कोर्टाचा शिक्का नाही' म्हणून फाइल महिनोन्महिने पडून राहते. पोलिसांनीच बी रिपोर्ट, म्हणजे खटला चालवण्यासारखे काही नाही असा अहवाल, देऊन गुन्हा बंद केला असेल तर तो रिपोर्ट न्यायालयाने स्वीकारल्याच्या आदेशाची प्रत हवी. रिपोर्ट दिला एवढे पुरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ एकशे सातचा असतो. काळा दिन, एकीकरण समितीचा महामेळावा, बेळगावातले विधिमंडळाचे अधिवेशन आले की कार्यकर्त्यांना शांततेच्या बंदपत्राच्या नोटिसा निघतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०७, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १२६. बोलीत मात्र अजून 'एकशे सात'च. माणूस तारखेला जातो, जामीनदार देतो, घरी येतो आणि विसरतो. शीटवर ते प्रकरण 'चालू' राहते. कायदा असा की चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत ती पुरी झाली नाही, आणि मॅजिस्ट्रेटने मुदत वाढवण्याची खास कारणे लिहून ठेवली नाहीत, तर ती आपोआप संपते. पण आपोआप संपलेले कुणी कागदावर लिहीत नाही. म्हणून त्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या कार्यालयातून रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झाले त्या नोंदीची) प्रमाणित प्रत मागा. शहरात हे अधिकार पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात बहुधा तहसीलदारांकडे. शेवटची तारीख आणि त्यानंतरची कोरी जागा, हाच तुमचा पुरावा.

हे हाती आले की माहिती अधिकाराचा अर्ज. कर्नाटकात फी १० रुपये. पोस्टल ऑर्डर लावा, तिचा नंबर अर्जात लिहा. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, असा इथला नियम आहे. माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही, आणि सांगूही नका. तिथेच लोक दोन पाने भरून अन्यायाची कहाणी लिहितात आणि शब्दमर्यादेवर अर्ज परत येतो.

आता भाषा. माहिती अधिकार कायद्याचे कलम ६ म्हणते की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा. इथे राजभाषा कानडी. मराठीत दिलेला अर्ज परत आला की पुष्कळांना तो अपमान वाटतो, आणि तसे वाटणे आम्ही समजू शकतो, आमचीही शाळा मराठीच. तरी आमचे मत स्पष्ट आहे: भाषेचा लढा वेगळ्या कागदावर लढा, हा कागद कानडीत द्या. कारण इथे तीस दिवसांचे घड्याळ चालू करायचे आहे, आणि मराठी अर्जाने ते चालू होत नाही. पुढे जे निवेदन द्यायचे आहे त्याची गोष्ट वेगळी. गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येते, असे राज्यघटनेचे कलम ३५० सांगते. तिथे मराठी आणि कानडी दोन्ही जोडून द्यावे.

अर्जात काय विचारायचे यावर सगळे अवलंबून आहे. 'माझ्यावर पाळत आहे का, का आहे, किती दिवस चालणार' असे विचारले की कलम ८ मधले तपासात अडथळा, खबऱ्याची सुरक्षितता वगैरे कारण लावून नकार येतो. मत विचारू नका, कागद मागा. आम्ही विचारतो ते साधारण असे: अमुक ठाण्यात माझ्या नावे रौडी शीट उघडण्याच्या आदेशाचा क्रमांक, तारीख आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, त्या आदेशात नमूद केलेले गुन्हा नंबर, शीटचा शेवटचा आढावा घेतल्याची तारीख आणि त्या आढावा आदेशाची प्रत, शीट उघडण्यापूर्वी मला नोटीस दिली असल्यास तिची पोच. एवढे चार प्रश्न कानडीत ९०-१०० शब्दांत बसतात. चौथ्या प्रश्नाला जोर आहे, कारण कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ साली शीट उघडण्याआधी माणसाला कळवावे, त्याचे म्हणणे घ्यावे आणि वेळोवेळी फेरआढावा घ्यावा, अशा सूचना दिल्या आहेत. 'नोटीस दिलेली नाही' असे उत्तर आले तर ते जपून ठेवा.

अर्ज कुठे द्यायचा? खडेबाजार, टिळकवाडी, शहापूर, काकती ही ठाणी शहर आयुक्तालयाखाली. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी जिल्हा एसपींखाली. पण आयुक्तालय २०१४ साली झाले. त्याआधी उघडलेल्या शहरातल्या शीटचा मूळ आदेश एसपी कार्यालयाचा. ठाणे सांगते 'आमच्याकडे आदेश नाही', आयुक्तालय सांगते 'रेकॉर्ड उपलब्ध नाही', आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. अशा वेळी एसपी कार्यालयाला वेगळा अर्ज करा. चुकून भलत्या कार्यालयात गेलाच, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्ज हातोहात दिलात तर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोस्टाने पाठवायचा तर आता स्पीड पोस्टानेच. रजिस्टर पोस्ट २०२५ साली त्यात विलीन झाले आहे. पोच मिळण्याची सोय सांगून घ्या.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. ते तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाली काढायचे असते. तिथून नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे. आयोगात वेळ लागतो, वर्षही जाते. आमच्या अनुभवात निम्मे काम पहिल्या अपिलातच होते, कारण तिथे वरिष्ठ अधिकाऱ्याला फाइल उघडून बघावी लागते. अपिलात दोन मुद्दे हमखास घाला. एक, नकार योग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची असते, अर्जदाराची नव्हे. दोन, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणे द्यावीत, असे याच कायद्याचे कलम ४ म्हणते. गुप्तवार्ता शाखांना राज्य सरकार कायद्यातून सूट देऊ शकते, म्हणून अर्जाचा रोख नेहमी ठाण्यावर आणि उपविभागावर ठेवावा, विशेष शाखेवर नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या शीटची माहिती मागू नये. वैयक्तिक माहितीची सूट नोव्हेंबर २०२५ पासून आणखी घट्ट झाली आहे, शिवाय ते आपल्यालाही शोभत नाही.

उत्तराला इथे 'हिंबरह' म्हणतात. कानडी वाचता येत नसेल तरी चार शब्द ओळखायला शिका. 'तिरस्करिसलागिदे' म्हणजे फेटाळले. 'मुंदुवरिसलागिदे' म्हणजे पुढे चालू ठेवले. 'मुक्तायगोळिसलागिदे' म्हणजे बंद केले. 'रद्दु' म्हणजे रद्द. शेजारच्या पोराकडून अंदाजे भाषांतर करून घेऊन अपिलाची मुदत घालवलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. 'चालू ठेवले' हा शब्द आला असेल तर त्याखाली कारण लिहिले आहे का ते बघा. कारण नसलेला आढावा हा आढावाच नव्हे, हे निवेदनात ठासून लिहायचे.

निवेदन एसपींना किंवा शहरात डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना), प्रत उपविभागीय अधिकाऱ्याला, प्रत ठाण्याला. दोन पानांच्या आत. पहिल्या परिच्छेदात आदेशाचा क्रमांक आणि तारीख, दुसऱ्यात गुन्ह्यांचा तक्ता, तिसऱ्यात शेवटचा गुन्हा कधीचा आणि त्यानंतर किती वर्षे काहीच नाही, चौथ्यात कायदा. कायदा थोडक्यात लिहा. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पाळत ठेवायला रास्त कारण हवे, ती आडून आणि मर्यादेत हवी, माणसाचे स्वातंत्र्य आवळणारी नको. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला; त्या खटल्यातले याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. त्या निकालातून तीन प्रश्न घ्या: या पाळतीला कायद्याचा आधार आहे का, हेतू रास्त आहे का, आणि उपाय हेतूच्या मापाचा आहे का. मॅन्युअल म्हणजे खात्याच्या सूचना, विधिमंडळाचा कायदा नव्हे, हा मुद्दा जोरदार आहे. पण त्याचा वाद धारवाडला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात, घालायचा, ठाण्यात नाही. ठाण्यात तिसरा प्रश्न चालतो. दहा वर्षांपूर्वीच्या मोर्च्याच्या खटल्यातून सुटलेल्या, आता साठीला आलेल्या माणसाला दर गणपतीला परेडला बोलावण्यातून शांतता कशी राखली जाते, हे कुठल्याच साहेबाला कागदावर लिहिता येत नाही.

शीटमध्ये बायको-मुलांची नावे, फोन नंबर, शाळा अशी माहिती लिहिलेली असते, तीही बघा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात दोन गोष्टी बजावल्या: हिस्ट्री शीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो लोकांत फिरवायचा नाही, आणि अल्पवयीन मुलांचा तपशील आधाराशिवाय त्यात घालायचा नाही. सगळ्याच राज्यांनी आपापली पद्धत तपासावी असेही त्यात आहे. तुमचा फोटो 'रौडीशीटर' म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरला असेल तर निवेदनात याची वेगळी मागणी करा.

बोटांचे ठसे हा आणखी एक कोपरा. १ नोव्हेंबरला प्रतिबंधात्मक ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडतात, मधल्या वेळात कधी फोटो आणि ठसे घेण्याची तयारी होते. २०२२ च्या ओळख कायद्याखालचे नियम सांगतात की नुसते प्रतिबंधात्मक ताब्यात घेतलेल्याची किंवा जमावबंदी मोडलेल्याची मापे (फोटो, ठसे वगैरे) दुसरा गुन्हा असल्याशिवाय घेऊ नयेत. एकशे सातमध्येही बंदपत्राचा अंतिम आदेश झाल्यावरच. हे तिथे भांडून सांगू नका, नकार देणे हाच नवा गुन्हा म्हणून नोंदवला जाऊ शकतो. 'कुठल्या गुन्ह्यात घेता, तो नंबर लिहून द्या' एवढे शांतपणे विचारा आणि सुटल्यावर त्याच दिवशी लेखी द्या. घेतलेली नोंद ७५ वर्षे राहते. मात्र पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि खटल्यातून निर्दोष सुटला असाल, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर ती नष्ट करायची असते. ती मागणी वेगळ्या अर्जाने करावी लागते. शीट बंद झाली म्हणून ठसे जात नाहीत.

रात्री बाराला दार वाजवून 'आहेस का घरी' असे बघून जाण्याची पद्धत १९६२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आहे. तरी दार वाजते. दारावर वाद घालू नये. तारीख, वेळ, पोलिसाचा बक्कल (बिल्ला) नंबर लिहून ठेवावा, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसत असेल तर दोन-तीन दिवसांत चित्रीकरण पेनड्राइव्हवर घ्यावे, कारण डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारे यंत्र) भरला की जुने पुसले जाते. ठाण्यात बोलावून काही घडले असेल तर ठाण्याच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी करा. डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे ते १८ महिने, अगदीच सोय नसेल तर किमान वर्षभर ठेवायचे आहे. कॅमेरा बंद होता असे उत्तर आले तर तेही लेखी घ्या. कोऱ्या कागदावर सही मात्र कधीच नाही.

निवेदनाला महिना झाला की स्मरणपत्र. आणखी महिन्याने धारवाड. बेळगावहून सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, उच्च न्यायालयाचे खंडपीठ तिथे २०१३ पासून कायम आहे. आम्ही पाहिलेल्या बहुतेक रिट याचिकांत पहिला आदेश 'अर्जदाराच्या निवेदनावर इतक्या आठवड्यांत निर्णय घ्या' असाच येतो. लोक हिरमुसतात. आमच्या मते हा आदेशच कामाचा, कारण आता खात्याला कारणे लिहावी लागतात, आणि कारणे लिहायला बसले की पुष्कळ फायलींत लिहिण्यासारखे काही नसते. निवेदन न देता थेट धारवाडला गेलात तर मात्र 'आधी निवेदन द्या' म्हणून परत याल. वकिलाची फी गेली ती गेलीच.

पासपोर्टसाठी लोक यात सगळ्यात आधी धावतात, आणि तिथे गैरसमज आहे. कायद्यात अडथळा आहे तो न्यायालयात चालू असलेल्या फौजदारी खटल्याचा. नुसती शीट हे नकाराचे कारण नाही. पडताळणीत विरुद्ध शेरा आला तर पासपोर्ट कार्यालयाकडून कारण लेखी मागा. खटला चालूच असेल तर त्या न्यायालयाची परवानगी काढून मुदतीचा पासपोर्ट मिळतो.

शीट बंद झाल्याचे तोंडी सांगतील. आदेशाची प्रत घ्या, आणि ती ठाण्याला पोचल्याचा आवक नंबरही. घर बदलले असेल, टिळकवाडीतून वडगावला किंवा शहरातून खानापूरला, तर शीट जुन्या ठाण्यातून नव्याकडे गेलेली असते आणि बंद करण्याचा आदेश कधी कधी एकाच ठिकाणी पोचतो. दोन्ही ठाण्यांना प्रत द्या. पुढचा गणपती येईपर्यंत थांबा. परेडचा फोन आला तर आदेशाची झेरॉक्स घेऊन जा, बीट पोलिसाच्या वहीतले नाव आपल्यासमोर खोडायला सांगा, आणि त्याच आठवड्यात दहा रुपयांची नवी पोस्टल ऑर्डर घ्या.